मधला आकडा

उजव्या पायातली चप्पल हातात घेऊनच अबू हातेम सिरीनच्या टेबलापर्यंत लंगडत आले. अंगठा लाल, टरारून फुगलेला.

"बघ, नवरदेवासारखा मिरवतोय! गोळ्यांची मंजुरी आली का गं पोरी?"

"बसा अम्मो. कोड टाकला की येईल."

झरका शहरातल्या या दवाखान्यात प्रत्येक आजाराला सिरीन कोड देई. त्याशिवाय विमा कंपनी औषध मंजूर करत नसे. पावलाच्या गाऊटचा कोड तिला पाठ होता. मधला एक आकडा तेवढा कारणावर ठरे. कारण सापडलं नसेल तर शून्य. शिशामुळे असेल तर एक. डॉक्टर निझारांनी नुसतंच 'गाऊट' लिहिलं होतं. व्यवसायापुढे होतं, जुन्या बॅटऱ्या वितळवणे.

अंदाजाने कोड टाकायची तिला मुभा नव्हती. तिने फोन उचलला.

"डॉक्टर, अबू हातेमच्या गाऊटचं कारण लिहायचं राहिलंय."

"शिसं वाटतंय तुला?"

"ते मी सुचवायचं नसतं, डॉक्टर."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "रक्तातलं शिसं तपासू. तोवर कोड थांबव. त्यांनाही."

तिने निरोप सांगितला तसं अबू हातेमांचं हसू मावळलं.

"कारण कशाला हवंय? मटणाचं मन्सफ चापलं, अंगठा सुजला. संपलं." मग ते टेबलावर वाकले. "गेल्या वर्षी माझ्यासोबतच्या जलालच्या कागदावर शिसं आलं. आठवड्यात भट्टीवरून घरी पाठवला. घरात मिळवता मी एकटा. शून्य टाक, पोरी."

सिरीनने हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

"मला नाही टाकता येत, अम्मो."

"आणि ते अंगात शिरेलच कसं? आम्ही तोंडाला फडकं बांधतो."

"धूळ हातांना लागते. कपड्यांवर बसते."

"कपड्यांवर."

त्यांनी सवयीने बाही झटकायला हात उचलला, आणि तो तसाच हवेत राहिला.

दारातून नर्सने रक्त काढायला त्यांचं नाव पुकारलं. ते उठले नाहीत.

"लामा तीन वर्षांची आहे. नात माझी," ते म्हणाले. "मी भट्टीवरून आलो की कोटसुद्धा काढू देत नाही. खांद्यावर तोंड खुपसून झोपते."

नर्सने पुन्हा हाक मारली.

"एवढ्याशा पोरीचं रक्त," त्यांनी विचारलं, "कुठून काढतात गं?"