शेडमधली खाडी

पनवेलच्या बंदराजवळ पत्र्याची शेड उभी राहिली आणि तिच्यात आमची खाडी केली, सिमेंटची. पंचवीस पावलांत संपणारी. पूल बांधायच्या आधी पाणी कसं वागतं ते म्हणे हिच्यावर बघायचं. भरती-ओहोटीचे आकडे मुंबईतलं खोलीएवढं यंत्र काढायचं, लांबलचक कागदावर. पुण्याचे साहेब आकडा वाचायचे, मी झडप फिरवायची. जन्मभर मिठागरात पाणी घेतलं नि सोडलं, मला ते काय शिकवणार?

माझा नवरा, मालूचा बाप, चार वर्सांपूर्वी एकटाच लहान होडी घेऊन बंदरातून निघाला, तो आला नाय. होडी नाय, वल्हं नाय, अंगावरचा कपडा पण नाय. खाडीनं नेला, गाव बोललं. मी रोज भरतीला बंदरावर जाऊन बघायचे. मोठा दीर दाजी मागं लागलेला, पिठाचा पुतळा करून क्रिया उरकू, तू कुंकू पूस. काय झालं ते कळल्याशिवाय पुसायला मी काय येडी हाय?

एक दिवस साहेबांना बोलले, "त्या दिवसाचं पाणी सोडा ना." ते आधी हसले. मग माझ्या तोंडाकडं बघून तारीख लिहून घेतली. पंधरा दिवसांनी कागद आला.

साहेबांनी बाटलीचं बूच दिलं, ते मी बंदरापाशी ठेवलं. मग झडप फिरवली. बूच ओहोटीबरोबर निघालं, वळणापर्यंत गेलं, थांबलं. भरती लागली तसं मागं फिरलं आणि बंदराखाली काथ्याची तिवराची झुडपं लावली होती, त्यांत अडकलं. पाच वेळा सोडलं. पाचही वेळा तिथंच.

"वारा होता का त्या दिवशी?" साहेबांनी विचारलं.

"पान हलत नव्हतं."

ते कागदाची घडी करत बसले. मग बोलले, "भामाबाई, उलटलेली होडी परत इथंच आली असती. कुणी वल्हवल्याशिवाय ती बाहेर जात नाही."

मी खालीच बसले. चार वर्सं त्या खाडीला शिव्या घातल्या, तिनं काय केलं नव्हतं. तो गेला होता, आपल्या हातांनी वल्हवत. राग आला. आणि सांगायला लाज वाटते, पण बरं पण वाटलं. जिता हाय.

घरी दाजीनं विचारलं, "काय बोललं ते यंत्र?"

"क्रिया नाय करायची," मी एवढंच बोलले.

आता भरतीला बंदरावर जात नाय. बाजारच्या दिवशी पळस्प्याच्या फाट्यावर उभी राहते, गोव्याकडच्या गाड्या थांबतात तिथं. परवा एक जण उतरला, पाठमोरा, तसाच एक खांदा पाडून चालणारा. नवऱ्याचं नाव मी लग्नापासून तोंडातून काढलं नव्हतं. भर रस्त्यात हाक मारली, "शिवा!"

माणूस वळला. दुसराच होता. मी डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि पुढच्या गाडीची वाट बघत उभी राहिले.