हॉलवर्डसाहेबांची काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. लंडनबाहेरच्या एका काचघराच्या भिंतीत, टोमॅटोच्या झाडांशेजारी बसवलेली. पण एकेकाळी माझ्यावर एक माणूस होता.

क्रॅडॉक नावाच्या छायाचित्रकाराने मला औषध लावून कॅमेऱ्यात सरकवले, तेव्हा समोर अँब्रोझ हॉलवर्ड बसले होते. भिंतीच्या कागदांवर फुलापानांची नक्षी काढणारे, कविता लिहिणारे, आणि दर रविवारी चौकात खोक्यावर उभे राहून कामगारांसाठी घसा फोडणारे. कापड रंगवून रंगवून त्यांचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. आधीची सहाही छायाचित्रे त्यांनी हलून बिघडवली होती.

"साहेब, आठ मोजेपर्यंत तरी क्रांती थांबवा!" क्रॅडॉक करवादला.

"अहो, ती माझं कुठे ऐकते!"

"बाबा, माझ्याकडे बघा," कॅमेऱ्यामागून त्यांची लेक विनिफ्रेड म्हणाली. "पाय हलवलात तर आज चहा बंद."

ते तिच्याकडे बघत राहिले. आठही आकडे.

काचेवर सगळे उलटे उमटते, पांढऱ्याचे काळे नि काळ्याचे पांढरे. त्यांची पांढरी दाढी काळी झाली. लाल रंग कॅमेऱ्याला दिसतच नाही, म्हणून त्यांच्या हातांच्या जागी मी नुसती कोरी राहिले.

माझ्यावरून कागदावर एकच प्रत निघाली. काच छायाचित्रकाराकडेच ठेवायची रीत होती. त्या हिवाळ्यात साहेब गेले. विनिफ्रेडने ती प्रत त्यांच्या कोटाच्या खिशात ठेवली आणि तशीच मातीआड जाऊ दिली. काच आहे, दुसरी काढू, असे तिला वाटले.

मीही फळीवर तिची वाट पाहत होते. पण क्रॅडॉकने दुकान मोडले आणि आम्हा सगळ्या काचा गिब्ज माळ्याला त्याच्या काचघरासाठी विकून टाकल्या.

वसंतात ती पत्ता काढत इथे आली.

"चेहरे होते खरे, बाईसाहेब," गिब्ज टोपी चुरगाळत म्हणाला. "सोड्याने घासून काढले मी. टोमॅटोला ऊन लागतं हो. मला काय ठाऊक, कोण कुणाचं!"

"यातली कोणती असेल?"

"आता सगळ्या सारख्याच की."

ती एकेका काचेवर बोट टेकवत गेली. माझ्यावरही टेकवले, नेमके तिच्या बाबांचे हात होते तिथेच. मला हाक मारता आली नाही. ती पुढच्या काचेकडे वळली.

मित्रांनो, आपल्या माणसाचा चेहरा कुठेतरी आहेच, म्हणून दुसऱ्याच्या फळीवर ठेवू नका. आजच जाऊन घरी आणा. माझे काय, आता मी सगळीच त्या हातांसारखी कोरी आहे.