बुडख्यातल्या मुंग्या

जिथं जेसीबी जात नाही तिथं रुद्राप्पा जातो, हे अख्खी शुक्रवार पेठ सांगेल. आणि रत्नाबाईंचा बोळ म्हणजे काय विचारता! समोरून माणूस आलं की एकानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. बोळाच्या टोकाला घर, घरामागं परडं आणि परड्यात मधोमध तोडलेल्या आंब्याचा बुडखा. असला बुडखा हातानंच काढावा लागतो. कुदळीनं भोवती चर खणायचा, मुळ्या एकेक करून तोडायच्या, मग पहार घालून हलवायचा. रुद्राप्पाला दोन दिवस रग्गड झाले असते.

त्या दोन दिवसांच्या कामाला ह्या गड्यानं तीन आठवडे लावले. का, ते ऐका.

पहिल्याच दिवशी गुडघाभर चर झाला, दोन मुळ्या तुटल्या आणि बुडख्याच्या पोकळीतून काळ्या मुंग्या भसाभसा बाहेर पडल्या. रत्नाबाई पडल्या जैन. धावतच आल्या.

"थांबा, थांबा! जीव हाईत ते. आपल्या पायानं जाऊ देत, मग घाव घाला. धूर न्हाय, पावडर तर न्हायच न्हाय."

दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून निघून गेला असता. रुद्राप्पाही हत्यारं गोळा करायला लागलाच होता. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "ऊटा आत?"

जेवण झालं का, एवढंच. पण कानडीत. रुद्राप्पा गडहिंग्लजकडचा लिंगायत, घरात कानडी बोलणारा. घर म्हणजे तरी काय, तो आणि बायको मल्लव्वा. मल्लव्वाला जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून त्याच्या खोलीत कानडी शब्द उमटला नव्हता, आणि जेवलास का, हे तर कुठल्याच भाषेत कुणी विचारलं नव्हतं. गडी कुदळ धरून चरातच उभा राहिला. रत्नाबाईंचं माहेर सीमेकडचं. एकुलता एक मुलगा वृषभ पुण्याला. बाईंनाही दिवसभर बोलायला कोणी नव्हतं.

मग काय, रोज दहाच्या ठोक्याला स्वारी हजर. कशाला, तर मुंग्या गेल्या का बघायला! बघायला लागतात दोन मिनिटं, हा पायरीवर दोन तास बसायचा. तो त्यांना अक्का म्हणायला लागला. अक्का भाकरी वाढायच्या, कांद्या-लसणाशिवायची आमटी वाढायच्या आणि तो मल्लव्वाच्या गोष्टी सांगायचा. ती कशी भांडायची, कशी रुसून चुलीपुढं बसायची. एकदा सांगता सांगता त्यानं डोळे पुसले, तर अक्कांनी आणखी एक भाकरी ताटात टाकली.

सातव्या दिवशी मुंग्या निघाल्या. तोंडात पांढरी अंडी धरून भिंतीकडं रांग लागली. रुद्राप्पा मनात दिवस मोजायला लागला. उद्या बुडखा निघणार. परवा ह्या दारात यायचं ते कुठल्या तोंडानं? दुसऱ्या दिवशी त्यानं खिशातून गुळाचा खडा आणला आणि अक्का चहा आणायला आत वळल्या तसा पोकळीत सारला. मुंग्याच त्या, फिरल्या माघारी.

"गेल्या काय हो?" अक्कांनी विचारलं.

"कुठल्या जातायत! मुक्कामच ठोकलाय की."

असा रोज एक खडा. दोन दुसरी कामं त्यानं परत पाठवली. चर उघडाच होता. वर फळी टाकू, टाकू म्हणताना राहून गेलं.

एकविसाव्या दिवशी दाराला कुलूप. शेजारच्या चिमणाबाई उंबऱ्यातूनच ओरडल्या, "पावणं, म्हातारी पडली की! काल अंधार पडल्यावर परड्यात गेलती, तुमच्या त्या खड्ड्यात पाय गेला. खुबा मोडला. पोरगं गाडी घेऊन आलं आणि रातोरात पुण्याला घेऊन गेलं. आता कशाची परत येतीया! किल्ली हाय माझ्याकडं. तेवढं काम उरका म्हणालाय."

रुद्राप्पा परड्यात गेला. चराच्या कडेला माती ढासळली होती आणि आत अक्कांची एक चप्पल पडली होती. मुंग्या खुशाल गुळाला लागल्या होत्या. त्याला स्वतःची शिसारी आली. त्यानं कुऱ्हाड उचलली, पण घाव घालवेना. अक्कांना शब्द दिला होता. त्यानं बोटानं गूळ उकरून काढला, लांब भिंतीपाशी ठेवला आणि मुंग्या जायची वाट बघत बसला.

दुपारी फोन वाजला. वृषभ होता. "आईला बोलायचंय तुमच्याशी. सकाळपासून डोकं खाल्लंय."

"रुद्राप्पा," अक्कांचा आवाज खोल गेला होता, "मुंग्या गेल्या काय हो?"

व्हय म्हटलं असतं तर मिटलं असतं. पण त्याच्यानं राहवलं नाही.

"अक्का, त्या कवाच गेल्या असत्या. मीच थांबवल्या. रोज गूळ घालत हुतो. काम संपलं की हितं येणं संपणार म्हणून." एवढं बोलला आणि पन्नाशी उलटलेला तो बाप्या ढसाढसा रडायला लागला.

अक्कांनी चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"येड्या," अक्का म्हणाल्या, आजवरचं अहोजाहो सोडून, "त्याला काम कशाला लागतंय रं? नुसतं यायचं हुतंस की."