पार्टिशनच्या अलीकडचा झोका

मी एक जुना झोका आहे, मित्रांनो. कॅनव्हासची बैठक, दोन जाड दोर आणि वर छताला लोखंडी कडी. मला बागेतला समजू नका हं! विशेष मुलांचे शिक्षक, डॉक्टर, व्यायाम देणारे आणि बोलायला शिकवणारे जिथे एकत्र प्रशिक्षण घेत, त्या मोठ्या खोलीच्या मधोमध माझा थाट होता.

तिथे उपचारांसाठी भिंगरी यायची. सतत गरगर फिरते म्हणून आईनेच हे लाडाचं नाव ठेवलेलं. सहा वर्षांची झाली, तरी तोंडातून शब्द नाही. खुर्चीवर बसवलं की कान झाकून किंचाळायची. एकदा व्यायामाचे सर बोलायला शिकवणाऱ्या ताईंना म्हणाले, "ताई, तुम्हीच इकडे या. झोक्यावर ती शांत असते." ताई माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. सर झोका द्यायचे, मध्येच मला धरून ठेवायचे, आणि दोघं गप्प वाट बघायचे. शिकायला आलेली मंडळीही चिडीचूप. असं कितीतरी दिवस चाललं. शेवटी भिंगरी म्हणाली, "अजून!"

आई ढसाढसा रडली. मी तरी कसला गप्प बसतोय? मीही करकरलो.

पण दृष्ट लागलीच. सर आणि ताई दुसरीकडे गेले आणि नवे व्यवस्थापक आले. "ज्याचं काम त्यानं आपापल्या खोलीत करावं," म्हणाले. मधे पार्टिशन उभं राहिलं, एकत्र प्रशिक्षण बंद पडलं. मी व्यायामाच्या बाजूला आलो. नवे सर झोका मन लावून द्यायचे, पण थांबायचे नाहीत.

"सर, जरा धरून ठेवा ना, ती बोलते," आई म्हणाली.

"बोलण्याचं पलीकडे बघतात," सर म्हणाले.

पलीकडे होती खुर्ची. तिथल्या बाई म्हणाल्या, "झोका मी कुठून आणू?" दोघंही कामचुकार नव्हते हो, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

भिंगरीचा शब्द हळूहळू गेला. एक दिवस आईने स्वतःच माझी बैठक धरून मला थांबवलं आणि वाट पाहिली. भिंगरीने तोंड उघडलं नाही. आईचा हात उचलून तिने माझ्या दोरावर ठेवला, झोका दे म्हणून. "चल गं बाई," म्हणत आईने तिला खाली उतरवलं. त्या पुन्हा आल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी शिक्षक. तेव्हा शेजारच्या खोलीचं दार जरूर ठोठावा. मूल एकच असतं, त्याच्या वाटण्या करू नका.