सहा इंचांचा आरसा

लंडनच्या दक्षिणेस, जिथे शहराच्या बसगाड्या माघारी वळतात आणि मोकळी कुरणे अजून सुरू झालेली नसतात, तिथे लार्च रस्त्यावरची सारी घरे जोडीजोडीने, एकाच सामाईक भिंतीला पाठ टेकून उभी होती. प्रत्येक घरापुढे छाटलेले कुंपण, मागे हिरवळीचा अरुंद पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला लाकडी शेड. घर आईचे, शेड वडिलांची. या विभागणीला कोणी कधी हरकत घेतल्याचे लिनेट ट्रँटरला पुढे कितीही आठवून आठवले नाही.

तिचे वडील विल्फ्रेड पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. बोलणे अगदी मोजके. एकोणीसशे एकोणसत्तरच्या जानेवारीत, लिनेट अकरा वर्षांची होऊ घातली असताना, त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन जाड, वाटोळ्या काचा घरी आणल्या. शेडमध्ये विटांनी भरलेल्या एका लोखंडी पिंपावर त्यांनी एक काच पक्की बसवली, तिच्यावर ओली काळी पूड पसरली, दुसरी काच वर ठेवली आणि ती दोन्ही हातांनी पुढे लोटली. मागे ओढली. किंचित फिरवली. मग पिंपाभोवती एक पाऊल टाकले.

"याचं काय होणार, डॅड?"

"खालची फुगत जाईल, वरची खोल होत जाईल."

"किती खोल?"

"पेनीच्या जाडीपेक्षाही कमी."

"आणि मग?"

"मग तिच्यात शनी दिसेल," वडील म्हणाले आणि पुढचे पाऊल टाकले.

काचेवर काच घासून आकाशातला ग्रह हाती येतो, हे ऐकून लिनेट इतकी स्तिमित झाली की तिने पुन्हा काही विचारले नाही. ती कोपऱ्यातल्या उलट्या बादलीवर बसली आणि घासण्या मोजू लागली. त्या दिवशी सहाशे बारा झाल्या. दुसऱ्या दिवसापासून मोजण्याचे काम तिचेच ठरले.

पूड एका जातीची नव्हती. आधी भरड, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी पिठासारखी. एक जात संपली की तिचा एक कणही मागे राहता कामा नये. वडील शेडच्या भिंती ओल्या फडक्याने पुसत, छताखाली चादर ताणत, कोपरापर्यंत हात तीन वेळा धूत. शेडमध्ये आईला मज्जाव, शेजारच्या मिस्टर पोकॉकना मज्जाव, मांजराला तर मज्जाव होताच. लिनेटला मात्र मुभा होती.

"ती कशी चालते मग?" आईने एकदा स्वयंपाकघरात विचारले होते.

"तिचे हात स्वच्छ असतात," वडील म्हणाले होते.

खिडकीबाहेरून कानी पडलेले हे वाक्य लिनेटने पदकासारखे जपले.

मोठी माणसे या उद्योगाकडे कौतुकाने पाहत होती, असे मात्र नाही. "विल्फ!" मिस्टर पोकॉक कुंपणावरून हाक मारत, "चार महिने त्या पिंपाभोवती चालतोयस. पोचलास कुठे?"

"शनीच्या जवळ," वडील आतून म्हणत.

"आमच्या बसपेक्षा लवकरच पोचशील म्हणायचा!"

आईचे दुःख वेगळे होते. चकाकी आणण्याच्या टप्प्यासाठी राळ वितळवायची होती आणि त्यासाठी तिचे जॅमचे पातेले गेले होते. "ते पातेलं माझ्या आईचं होतं, विल्फ."

"परत देतो, एनिड."

"राळेसकट? राहू दे. आता शनीलाच जॅम घाल."

पुढे जे घडले त्याचे बीज एप्रिलमध्येच पडले होते. भरड पुडीचा उरलेला डबा वडिलांनी टाकायला काढला, तेव्हा लिनेटने त्यातली चिमूटभर पूड एका रिकाम्या आगपेटीत काढून घेतली. उन्हात धरली की ती चमके. काळोख चुरडून तारे त्यातच ठेवावेत, तशी. लोभ असा तिला कशाचाच नव्हता. याच एका गोष्टीचा झाला. आगपेटी तिच्या स्वेटरच्या खिशात राहिली, आणि राहिली म्हणून विस्मरणात गेली.

ऑगस्टमध्ये काच चकाकू लागली. चकाकी आणणाऱ्या तांबड्या पुडीने वडिलांचे तळवे विटेच्या रंगाचे झाले होते. एका थंड सकाळी लिनेट स्वेटर घालून बादलीवर बसली होती. चारशे चाळीसला तिला शिंक आली. तिने खिशातून रुमाल ओढला. त्यासरशी आगपेटीचा खण उघडला असावा, कारण चारशे एक्केचाळिसाव्या घासणीला काचेतून सूक्ष्म किंकाळी उमटली.

वडील थांबले. त्यांनी काच उचलून दाराच्या उजेडात तिरकी धरली. तिच्यावर मधोमधून कडेपर्यंत केसासारखी रेघ उमटली होती.

"माझंच चुकलं," ते हलकेच म्हणाले. "कुठंतरी नीट पुसलं नसणार."

लिनेटच्या मुठीत रुमाल होता. तोंड उघडले असते तर ती बादली, ती मोजणी, ते स्वच्छ हात, सारेच गेले असते. तिने रुमाल पुन्हा खिशात कोंबला.

त्या संध्याकाळी जिन्यात बसून तिने ऐकले. "माझे हात आता या कामाचे राहिले नाहीत, एनिड."

"मूर्खासारखं बोलू नकोस. चहा पी."

"नाही, खरंच. कचेरीतसुद्धा परवा शाई सांडली."

रेघ काढायला वडील पुडीचे दोन टप्पे मागे गेले. पाच आठवडे ते पुन्हा तीच पावले चालले. पूर्वीपेक्षा सावकाश, मधूनमधून तळवे उलटेपालटे करून पाहत. लिनेट मोजत राहिली. आगपेटी तिने शाळेच्या जुन्या बुटात खोचून ठेवली होती. रेघ पुसट होत कडेला उरली, तेव्हा वडील म्हणाले, "आता पुरे. यापुढे हातच नको लावायला." काच चंदेरी मुलाम्यासाठी गेली आणि आरसा होऊन परत आली.

पाच नोव्हेंबरची, साऱ्या इंग्लंडात होळ्या पेटवून फटाके उडवण्याची संध्याकाळ होती. मागच्या सगळ्या बागांत होळ्या रचलेल्या होत्या, पण त्या पेटायच्या होत्या सात वाजता. धूर व्हायच्या आत, साडेसहालाच, वडिलांनी पुठ्ठ्याच्या लांब नळीची दुर्बीण हिरवळीवर उभी केली. बाजूच्या छोट्या नळीतून नेम धरला आणि मोठीला डोळा न लावताच ते मागे सरले.

"पहिली तू. मोजलंस तू."

लिनेट पुढे झाली. डोळा काचेपासून वीतभर दूर होता. तेवढे अंतर तिला ओलांडवेना.

"डॅड, तो कण माझा होता."

"कुठला कण?"

"ऑगस्टमधला. मी भरड पूड ठेवून घेतली होती. आगपेटीत. चमकायची म्हणून." आता थांबणे शक्य नव्हते. "माझ्या खिशातून पडली. तुम्ही नीट पुसलं होतं, डॅड. सगळं नीट पुसलं होतं."

कुठेतरी उतावळ्या पोराने सोडलेला एक बाण आकाशात फुटला. हिरव्या उजेडात वडील आपल्या तळव्यांकडे पाहत होते.

"म्हणजे हात नव्हेत तर," ते म्हणाले.

"नाही, डॅड."

त्यांनी बोटे मिटली, पुन्हा उघडली. मग म्हणाले, "आगपेटी कुठंय?"

"बुटात. जुन्या."

"घेऊन ये."

ती धावत गेली, धावत आली. वडिलांनी पेटी टॉर्चच्या उजेडात उघडली, आतली चमक पाहिली आणि पेटी कोटाच्या खिशात घातली.

"हं. आता बघ."

लिनेटने डोळा लावला. प्रथम नुसता काळोख. मग त्या काळोखात, कशालाही न टेकता, एक लहानसा पिवळसर गोळा, आणि त्याच्याभोवती, त्याला कुठेही न शिवता, कडे. ते थरथरत होते. जिवंत वस्तू थरथरते तसे. कोणी ते तिच्यासाठी मांडले नव्हते. ती पाहो न पाहो, ते तिथे होतेच. ती जन्मण्याआधी, लार्च रस्ता बांधण्याआधी, काच नावाची वस्तू कोणी वितळवण्याआधी. आणि तरीही ते या क्षणी एका कारकुनाच्या तळव्यांनी घासलेल्या सहा इंचांत उतरले होते.

"डॅड, हे खरं आहे?"

"मी आत चित्र चिकटवलेलं नाही. शपथ."

"रेघ दिसत नाही."

"बघू." वडिलांनी डोळा लावला. ते इतका वेळ वाकून राहिले की आई शाल गुंडाळत बाहेर आली, त्यांना बाजूला सारून तिनेही पाहिले आणि जागच्या जागी थबकली.

"अरे देवा," ती पुटपुटली. आणि खूप वेळाने, "याच्यासाठी होय माझं पातेलं."

होळ्या पेटल्या, धुराने शनी झाकला आणि तिघे आत गेले. आगपेटीविषयी वडील त्या रात्री बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी नाहीत, शुक्रवारीही नाहीत. शाळेतून आल्यावर लिनेट शेडकडे पाही आणि वळे.

शनिवारी सकाळी शेडमधून हाक आली. पिंपावर एक नवी काच पक्की बसवलेली होती, तिच्यावर दुसरी, आणि दुसरीवर ती आगपेटी.

"पहिल्या फेरीपुरती पुरेल," वडील म्हणाले. "हात धुतलेस?"

"एकदा."

"तीनदा."

ती धुऊन आली. वडील तोवर उलट्या बादलीवर बसले होते, गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकवून. लिनेटने पेटीतली चमक काचेवर ओतली, पाणी शिंपडले, दोन्ही तळवे टेकवले आणि काच पुढे लोटली.

"एक," वडील म्हणाले.