मागच्या गल्लीतली गाडी

"गाडी समोर नको लावूस हं बाळा. मागच्या गल्लीत लाव, चर्चच्या कुंपणाशी," दार किलकिलं करून एनिड टर्बेट म्हणाली आणि लगेच आत सरकली.

तमसिनने निमूटपणे गाडी पुन्हा सुरू केली. त्या पांढऱ्या व्हॅनच्या दोन्ही अंगांना तिच्या नवऱ्याने, ग्लेनने, हातभर पिवळी अक्षरं रंगवली होती: 'तमसिन गूली. घरसफाई.' खाली फोन नंबर. "चालती-फिरती जाहिरात आहे ही," तो म्हणाला होता. "ज्याच्या दारात उभी राहील त्याचे शेजारी दुसऱ्या दिवशी फोन करतात की नाही बघ."

पण ही गाडी कुणालाच दारात नको होती. अल्व्हरस्टन गावच्या बायका नवऱ्याचं पिणं चारचौघींत सांगतील, सुनेची उणीदुणी काढतील, पण आपलं न्हाणीघर दुसरं कुणी घासतं, हे मरेपर्यंत कबूल करायच्या नाहीत. हाताला धरून त्यांच्या आयांनी त्यांना शिकवलेलं, की बाईचं घर तिनेच राखायचं. कामाला बाई ठेवणारी एक तर आजारी, नाहीतर शिष्ट.

बादली, ब्रश, बाटल्या घेऊन तमसिन मागच्या दाराने आत आली. नेहमीप्रमाणे ओट्यावर एक खरकटी बशी नव्हती, केरही काढून झालेला.

"तू येणार म्हणून जरासा हात फिरवला," एनिड म्हणाली. "तो पसारा तुला दिसला असता तर काय वाटलं असतं!"

"मग मी काय करू? तुमच्याशी पत्ते खेळू?"

"न्हाणीघराच्या फरशा आहेत की. माझे गुडघे खाली जायला तयार असतात गं, वर यायलाच कुरकुरतात." एनिड अठ्ठ्याऐंशीची होती. शुक्रवारी क्लबातल्या मैत्रिणी तिच्याकडे चहाला यायच्या, म्हणून तमसिनचा दिवस गुरुवारचा.

काम उरकल्यावर दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा घ्यायच्या. त्या दिवशी कप हातात फिरवत तमसिनने विषय काढला. "एनिड, तुमच्या मैत्रिणींपैकी कुणाला गरज असेल तर... माझं नाव सुचवाल?"

"आणि तू मला कशी माहीत, असं विचारलं तर? क्लबातली नोरीन तर वर्षभर पुरवून पुरवून बोलेल. नको गं बाई."

तमसिनने बिस्किटात लक्ष घातलं. दर मंगळवारी ती नोरीनकडेच जायची. तिथे गाडी होड्यांच्या धक्क्यामागे लावावी लागायची, आणि नोरीनचीही ताकीद होती, "एनिडला कळता कामा नये."

दोघी तिच्यावर खूश होत्या आणि दोघींच्या तोंडाला कुलूप. तोंडी शिफारशीवर धंदा वाढतो म्हणतात. इथे शिफारस करायची म्हणजे स्वतःचीच झाकली मूठ उघडायची.

बाकी सगळं तिने करून पाहिलं होतं. खाटकाच्या काचेवर कार्ड लावलं. पत्रकं टाकायला गेली, तर निम्म्या पत्रपेट्यांवर 'जाहिराती नकोत' अशी चिकटपट्टी. गावाच्या ऑनलाइन गटात लिहिलं, तर पसंतीच्या लाल बदामांचा पाऊस पडला आणि फोन एकही नाही. सुपरमार्केटच्या फळ्यावर फाडून न्यायच्या चिठ्ठ्यांची जाहिरात लावली आणि ती स्वतः समोर गाडीत बसून राहिली, चोरासारखी. एक बाई आली, इकडेतिकडे बघून तिने चिठ्ठी फाडली. तेवढ्यात ओळखीचं कुणी दिसलं, तशी ती चिठ्ठी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकून गेली.

आणखी तीन घरं मिळाली असती तर भागलं असतं. नाहीतर बटाट्याच्या कारखान्यातली रात्रपाळी. तिथल्या मुकादमाने महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंत जागा धरून ठेवली होती. ग्लेनचंही काम रात्रीचंच, त्यामुळे रात्रपाळी म्हणजे तीन वर्षांच्या विनीला सासूच्या हवाली करायचं. विनीला दमा होता. तिच्या श्वासात शिट्टी वाजू लागली की तमसिन झोपेतून ताडकन उठायची. सासूबाई घोरण्यात पटाईत, त्यांना कुठली शिट्टी ऐकू येणार!

मंगळवारी तमसिन नोरीनकडे गेली, तर ती स्वयंपाकघरात डोळ्यांना रुमाल लावून बसलेली. "माझी मैत्रीण गेली गं. एनिड टर्बेट. रात्री झोपेतच. तू नसशील ओळखत."

"नाही," तमसिन म्हणाली. मग तिने नोरीनची शेगडी इतकी घासली, की हाताला फोड आले.

गुरुवारी तिने गाडी चर्चच्या कुंपणाशी लावली आणि एनिडने दिलेल्या किल्लीने मागचं दार उघडलं. एनिडची मुलगी फिलिपा त्या संध्याकाळी मेलबर्नहून यायची होती, असं नोरीनच्या बोलण्यात आलं होतं. ओट्यावर एनिडचा शेवटचा कप न विसळलेला पडला होता. हे घर असं कुणी पाहिलेलं एनिडला चाललं नसतं. तमसिनने कप विसळला, फरशा घासल्या, चादरी बदलल्या, काचा पुसल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसेही देणार नव्हतं.

शुक्रवारी ती काळा झगा घालून निघाली, तेव्हा ग्लेनने तिच्या पर्समध्ये पत्रकांचा गठ्ठा कोंबला.

"ग्लेन, मयताला चाललेय मी!"

"मग काय झालं? सगळ्या गावच्या बायका एका खोलीत परत कधी भेटणार तुला?" मग आवाज उतरवून म्हणाला, "सोमवार आला, टॅम."

प्रार्थनेनंतर सगळे एनिडच्या घरी चहाला आले. बैठकीत बायका दाटीने उभ्या होत्या, हातात सँडविचच्या बशा. फिलिपा साठीची, आईसारखीच ताठ. "काल आले, तर घर आरशासारखं," ती सांगत होती. "न्हाणीघराच्या फरशांच्या फटीसुद्धा पांढऱ्याशुभ्र. या वयात! जायच्या आदल्या दिवशीसुद्धा घासत असणार ती."

"एनिडच ती," कुणीतरी म्हणालं. "शेवटपर्यंत कुणाचा हात लागू दिला नाही घराला."

नोरीन जोरजोरात मान हलवत होती.

"मला मात्र नाही जमायचं बाई," फिलिपा हसली. "घर विकेपर्यंत दर आठवड्याला कुणीतरी लागेल. शिवाय किनाऱ्यावरची आमची पाहुण्यांना भाड्याने द्यायची दोन घरं आहेत. कुणाच्या ओळखीत आहे का हो चांगली बाई?"

तीन घरं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या; ओळख दाखवायला एकही पुढे येईना. तमसिनचा हात पर्सच्या साखळीवर गेला. तेवढ्यात फिलिपाची नजर तिच्यावर पडली.

"तुम्हाला नाही ओळखलं मी. तुम्ही आईच्या कोण?"

सगळ्यांच्या माना वळल्या. नोरीन बशीतलं सँडविच निरखू लागली. तमसिनला खोलीतला प्रत्येक चेहरा एकदमच दिसला, आणि त्यांच्यामागे भिंतीवर एनिडचा फोटो, ज्याची काच तिनेच काल पुसली होती.

"मी गुरुवारी चहाला यायचे," ती म्हणाली.

"अगंबाई, तुम्हीच का त्या!" फिलिपाने तिचे दोन्ही हात धरले. "आई फोनवर सांगायची, 'गुरुवारी माझी एक मैत्रीण येते.' नाव कधी सांगितलं नाही हो तिने."

चार दिवसांनी फोन करून मागितलं असतं, तर कदाचित काम मिळालंही असतं. पण मग एनिडची गुरुवारची मैत्रीण कुठे उरली असती? तमसिनने पर्सवरचा हात काढला.

थोड्या वेळाने ती रिकामे कप गोळा करून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला. मागून नोरीन आली आणि तिने दार लोटून घेतलं.

"म्हणजे एनिडकडेसुद्धा?"

तमसिन कप विसळत राहिली.

"आणि मी तिला सांगायचे, माझ्या काचा मीच पुसते." नोरीनला हसू आलं, पण ते मध्येच भलतीकडे वळलं आणि तिने ओठ दाबून धरले. मग पुढे होऊन नळ बंद केला. "ठेव ते. पाहुण्यांनी भांडी घासायची नसतात."

"सवय आहे मला."

"माहितेय. चल बाहेर."

नोरीनने तिला बैठकीत आणलं, खिडकीजवळच्या हिरव्या मखमली खुर्चीपर्यंत, आणि खांद्याला हात लावून बसवलं. आठवड्यामागून आठवडे तमसिनने त्या मखमलीवर ब्रश फिरवला होता. गादी इतकी खोल आहे, हे तिला आज कळलं. पाय क्षणभर जमिनीवरून सुटले. नोरीनने तिच्या हातात भरलेला कप दिला, फिलिपा शेजारी स्टूल ओढून बसली, आणि म्हणाली, "सांगा ना, काय बोलायची आई तुमच्याशी?"