‘य’चा राहिलेला टाका

परक्याच्या दुःखात सहभागी होणे एक वेळ साधते. घरातल्याच्या कौतुकात सहभागी होताना मात्र भल्याभल्यांचे अंतःकरण आखडते. देवभीरू माणसाची खरी कसोटी तेथेच लागते.

थोरली जाऊ अशीच देवभीरू होती. प्रार्थनामंदिरातील वेदीचे वस्त्र आजवर तिनेच भरले होते. यंदा तिथल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, ते काम धाकट्या जावेला दिले, आणि थोरलीच्या जिवाला जणू मुंग्या डसल्या. दोघी एकाच खोलीत शिवणकाम करीत. त्यामुळे डोळ्यांआड करण्याचीही सोय नव्हती.

“धाकटीचा हात म्हणजे लोणी गं!” सासूबाई म्हणाल्या.

“लोणीच ते, आई. ऊन लागलं की कळेल,” थोरलीने यंत्राचे चाक गरगर फिरवले.

“आज जिभेला टाचण्या लावून बसलीस की काय?”

धाकटी हसली. “बोलू द्या हो. सुई धरायला जाऊबाईंनीच तर शिकवलं मला.”

ते गोड बोलणेही थोरलीला जखमेवरच्या मिठासारखे झोंबले.

शनिवारी वस्त्र पुरे झाले. धाकटी सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेली आणि इस्त्रीचे काम थोरलीकडे आले. तिने वस्त्र मेजावर पसरले मात्र, हात थबकला. जांभळ्या कापडावर सोनेरी दोऱ्याने भरायचे होते, ‘दया कर, प्रभो’. परंतु ‘य’चे पोट खालून उभ्या काठीला मिळालेच नव्हते. भरतकामाच्या चौकटीत जवळून भरताना धाकटीच्या ते ध्यानात आले नसावे. दुरून मात्र सरळ वाचता येत होते: ‘दगा कर, प्रभो’!

थोरलीला आधी हसू फुटले. मग उद्याची सकाळ डोळ्यांपुढे उभी राहिली: सारी मंडळी, कुजबुज, आणि धाकटीची खाली गेलेली मान. किती गोड चित्र! खोटे बोलायचे नव्हते की चोरी करायची नव्हती. केवळ इस्त्री फिरवून घडी घालायची होती.

“प्रभो, यात मी कुठं काय केलंय?” ती पुटपुटली, आणि आपलीच रोजची प्रार्थना समोर मोडकी पडली आहे, असे तिला वाटले. इतकी वर्षे तिने तीच दया मागितली होती. ती देताना देवाने तिचे कोणते टाके तपासले होते?

तिने सोनेरी दोरा ओवला. मत्सर काही गेला नव्हता. तो बोटांतच बसला होता, म्हणून सुई पुन्हा पुन्हा टोचली. तरीही ‘य’ पुरा झाला.

रविवारी मंडळीने धाकटीला डोक्यावर घेतले. “अक्षरं आहेत की मोती!” थोरलीच्या काळजात कळ उठली. ‘त्यातला एक मोती माझा आहे’ हे शब्द अगदी ओठांवर आले. ते तिने गिळले. ज्याने पाहायचे त्याने पाहिले होते. पुढचे त्याच्यावर सोपवणे एवढेच तिच्या हाती होते.

“छान भरलंयस,” ती म्हणाली. आवाज कोरडा होता, पण शब्द खरे होते.

“अगंबाई! तुम्ही म्हणालात म्हणजे मी पास झाले, जाऊबाई!” धाकटीने तिचा हात घट्ट धरला. थोरलीने तो सोडवून घेतला नाही.

ज्या प्रभूने त्या दोघींना एका छपराखाली आणले, तो एकीच्या हाताला यश आणि दुसरीच्या अंतःकरणाला विसावा देवो.